सामाईक बाग आणि तिची तीन खाती

बँकेच्या कर्जविभागात असताना गृहकर्जाच्या शेकडो फायली माझ्या हाताखालून गेल्या. घर घेणारा माणूस चटईक्षेत्र विचारतो, पाण्याची वेळ विचारतो, वाहन कोठे लावायचे ते विचारतो, आणि व्याजदरातील पाव टक्क्यासाठी दोन दिवस घालवतो. बागेबद्दल मात्र तो काही विचारत नाही. माहितीपत्रकावर हिरवा रंग दिसला की त्याचे समाधान होते. करारनाम्याच्या शेवटी परिशिष्टे असतात आणि त्यांतील एकात सामाईक क्षेत्र व सुविधांची यादी दिलेली असते. ते पान उलटून पाहणारा खरेदीदार मला नोकरीच्या काळात क्वचितच भेटला. दुकानातील मालाची एकेक पावती जपणाऱ्या आपल्या व्यापारी कुटुंबांचीही याबाबतीत फारशी वेगळी स्थिती नाही. अलीकडे आपल्यातील अनेकांनी कर्जत, नेरळ, खालापूर या भागांत दुसरे घर घेतले आहे, म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडावा असे वाटले.

मी निवृत्तीनंतर दहिवलीत राहतो. कर्जत स्थानकातून बाहेर पडून उल्हास नदी ओलांडली की दहिवली लागते. एके काळी भातशेतीचे हे गाव आता कर्जत नगरपरिषदेचा भाग आहे आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या आहेत. आमच्या संस्थेत दोन इमारती आणि 46 सदनिका आहेत. रहिवासी तीन प्रकारचे आहेत. बाजारपेठेतील दुकानदार, शिक्षक, रेल्वेतील कर्मचारी असे कायम राहणारे, मुंबई, ठाणे, डोंबिवलीहून शनिवार-रविवारी येणारे, आणि भाडेकरू. मागच्या इमारतीच्या पाठीशी, नदीच्या बाजूला, एक लांबट बाग आहे. ती तेथे का आहे, याचे उत्तर सौंदर्यदृष्टीत शोधू नये. तो पट्टा पूररेषेजवळ येतो. तेथे बांधकाम करता आले असते तर तेथे आज तिसरी इमारत दिसली असती. जे बांधता येत नव्हते, ते आमच्या विकासकाने विकून पाहिले, एवढेच.

विक्रीची पद्धत अशी होती. बागेकडे तोंड असलेल्या तळमजल्यावरील चार सदनिकांच्या खरेदीदारांकडून त्याने प्रत्येकी दीड लाख रुपये वेगळे घेतले आणि मुद्रांक कागदावर ‘बागेच्या अनन्य वापराचा हक्क’ असे पत्र करून दिले. ही रक्कम नोंदणीकृत करारनाम्यात नव्हती. 2009 साली ताबा मिळाला, बागेला फाटक बसले, फाटकाला कुलूप लागले आणि चार किल्ल्या चार घरांत गेल्या. उरलेली 42 घरे सज्जातून बाग पाहत राहिली. कोणी फारशी तक्रार केली नाही, कारण येणाऱ्याजाणाऱ्यांना ती व्यवस्था इमारतीइतकीच जुनी वाटत होती. त्या चार घरांनी, विशेषतः पहिल्या सदनिकेतील आजींनी, बागेला बागपण आणले. बकुळ, सोनचाफा, पारिजातक ही सारी त्यांच्या हातची झाडे आहेत. यजमान गेल्यानंतर त्या एकट्या राहतात, आणि सकाळचे दोन तास बागेत असतात.

2020 च्या टाळेबंदीने हे चित्र बदलले. शनिवार-रविवारी येणारी कुटुंबे महिनोन्‌महिने येथेच राहिली. शाळा बंद, मुले घरात, आणि समोर कुलूपबंद हिरवळ. एके रात्री कुलूप तुटले. मग नवे कुलूप, मग तेही तुटले. चेंडूने एका खिडकीची काच फुटली. व्हॉट्सअ‍ॅपवर नको ते लिहिले गेले. पोलीस ठाण्यात परस्परांविरुद्ध अदखलपात्र तक्रारी झाल्या. 2021 मध्ये समितीने चारही घरांना नोटीस दिली. सामाईक जागेवर अतिक्रमण करणाऱ्या सभासदाकडून मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम दरमहा वसूल करण्याची तरतूद गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. देखभाल 1,800 रुपये, पाचपट म्हणजे 9,000, आणि असे 132 महिने. प्रत्येक घराकडे 11 लाख 88 हजार रुपयांची मागणी. गुणाकार अचूक होता. ती नोटीस घेऊन आजी माझ्याकडे आल्या. त्यांना निवृत्तिवेतन किती मिळते, हे मला ठाऊक होते, कारण त्यांचे पासबुक मीच भरून देत असे.

दुसऱ्याच आठवड्यात समितीनेही मला मध्यस्थी करण्यास सांगितले. घाट चढण्यासाठी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जास्तीची इंजिने जोडतात; रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. समितीच्या अध्यक्षांनी तो विनोद माझ्यावर केला आणि मी तो हसून घेतला. अट मात्र एक घातली: कागद वाचून होईपर्यंत सभा बोलवायची नाही.

कागद वाचताना माझ्या लक्षात आले की या भांडणात तीन निरनिराळी खाती एकाच पानावर लिहिली जात होती. मालकी, वहिवाट आणि खर्च. ‘आम्ही पैसे भरले’ असे एक बाजू म्हणे, त्याला दुसरी बाजू ‘जमीन सर्वांची आहे’ असे उत्तर देई. दोन्ही विधाने खरी, पण एक खर्चाच्या खात्यातील आणि दुसरे मालकीच्या. अशा दोन रकमांची वजाबाकी कोणत्याही वहीत होत नाही.

आधी मालकी. आमची इमारत 1963 च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याखालील, ज्याला आपण ‘मोफा’ म्हणतो, आणि संस्था 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली. अशा ठिकाणी विकासकाला सदनिका विकता येतात. सामाईक जागा तुकडे करून विकता येत नाहीत. याबाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा 31 ऑगस्ट 2010 चा निर्णय महत्त्वाचा आहे. नहालचंद लालूचंद ही विकासक कंपनी आणि दहिसरची पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था यांच्यातील तो खटला. वाद बागेचा नव्हता, इमारतीखालील खांबांमधल्या वाहनतळाचा होता. तो ‘गॅरेज’ आहे, म्हणून स्वतंत्रपणे विकता येतो, असे विकासकाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. जो भाग कायद्याच्या अर्थाने सदनिका नाही तो विकासकाला विकता येत नाही, आणि असा वाहनतळ सामाईक क्षेत्राचा भाग आहे, असे न्यायालयाने ठरवले. छताखालच्या जागेला जो न्याय, तो उघड्या बागेला लागू होणार नाही असे म्हणणे कठीण आहे. 2016 च्या रेरा कायद्याने तर सामाईक क्षेत्राच्या व्याख्येतच उद्याने आणि खेळाच्या जागा नाव घेऊन घातल्या आहेत.

येथे एक सावधगिरी सांगतो. आपली इमारत संस्था आहे की 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील आहे, हे प्रथम पाहावे. त्या कायद्यात ‘मर्यादित सामाईक क्षेत्र’ अशी कल्पना आहे. घोषणापत्रात लिहिलेले असेल तर काही जागा ठरावीक सदनिकाधारकांसाठी राखीव असू शकते. अशा इमारतीत तळमजल्याचा बागेवरील दावा खरा ठरू शकतो. खर्चाची वाटणीही तेथे प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या टक्क्याप्रमाणे होते. एका इमारतीचा निवाडा शेजारच्या इमारतीला लावू नये, तो यासाठीच.

आमच्या फायलीत आणखी एक गोष्ट निघाली आणि ती ऐकून दोन्ही पक्ष काही वेळ गप्प झाले. जमिनीचे अभिहस्तांतरणच झालेले नव्हते. संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत विकासकाने जमीन संस्थेच्या नावे करून द्यावी, असा मोफाचा नियम; आमच्या बाबतीत सातबाऱ्यावर अजून जुनीच नावे होती. म्हणजे ज्या बागेसाठी 46 घरे एकमेकांचे तोंड पाहत नव्हती, ती बाग कागदावर त्यांच्यापैकी कोणाचीच नव्हती. विकासक सहकार्य करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. 2008 च्या दुरुस्तीने ती सोय झाली आहे. या एका अर्जावर मी सर्वांच्या सह्या घेतल्या. चारही तळमजल्यांनीही सही केली. दोन वर्षांत सर्वांनी मिळून केलेली ती पहिली गोष्ट होती.

दुसरे खाते वहिवाटीचे. ‘बारा वर्षे झाली की जागा आपली’ ही समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे, आणि आमच्या तळमजल्यावरही अकरा वर्षे संपून बारावे लागल्याचा हिशेब कोणीतरी करून ठेवला होता. पण परवानगीने किंवा सहमालक म्हणून केलेला वापर नुसता वर्षे मोजून विरुद्ध कब्जा होत नाही. सहमालकांपैकी एकाचा ताबा हा सामान्यतः सर्वांच्या वतीने असतो. दुसऱ्याच्या जमिनीवरील वहिवाटीच्या हक्कासाठी 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षे उघड, शांत आणि अखंड वापर लागतो, तो विषयच निराळा.

बागेच्या वापराचा हक्क म्हणजे नेमके काय, याचा एक सुंदर खटला इंग्लंडमध्ये झाला आहे. समुद्रकाठच्या वेस्टन-सुपर-मेअर या गावी एलनबरो पार्क नावाची बाग आहे. तिच्या भोवतीचे भूखंड एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विकले गेले, तेव्हा खरेदीखतात घरमालकांना बागेत फिरण्याचा हक्क दिला होता, आणि त्याबरोबरच बागेच्या देखभालीचा वाजवी हिस्सा देण्याची जबाबदारीही घातली होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने बाग ताब्यात घेतली. पुढे भरपाईच्या पैशांवरून प्रश्न निघाला की केवळ रमतगमत फिरणे हा हक्क कायद्याला मान्य आहे काय. 1955 मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो मान्य केला. ती बाग भोवतालच्या घरांची एकत्रित परसबागच आहे, असा न्यायालयाचा विचार होता. मला त्या जुन्या खरेदीखताचे कौतुक वाटते. हक्क आणि खर्च शेजारीशेजारी लिहून ठेवले, म्हणून शंभर वर्षांनीही न्यायाधीशांना वाचायला काहीतरी होते.

वापर घराला चिकटतो, व्यक्तीला नाही, हे तत्त्व धरले की भाडेकरूंचा प्रश्न आपोआप सुटतो. ‘भाडेकरूंची मुले बागेत कशाला’ असे म्हणणारे आमच्याकडे होते. सदनिका भाड्याने दिली की मालक बिनभोगवटा शुल्क भरतो. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन निर्णयाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. ते शुल्क घ्यायचे आणि त्या घरातील मुलाला फाटकावर अडवायचे, हे चालणार नाही. महिन्यातून चार दिवस येणाऱ्यांचेही तसेच. देखभाल ते तीस दिवसांची भरतात.

तिसरे खाते खर्चाचे, आणि मला विचाराल तर भांडणाचे खरे मूळ तेथे होते. आदर्श उपविधींप्रमाणे माळ्याचा पगार सेवा शुल्कात येतो आणि सेवा शुल्क सदनिकांच्या संख्येवर समान वाटले जाते, घर लहान असो वा मोठे. आमच्याकडे अकरा वर्षे माळ्याचा पगार चार घरांनी दिला. आजींनी दोनशे पानी वहीत प्रत्येक महिन्याची नोंद ठेवली होती: माळी, शेणखत, कुंपणाची तार, पाण्याचा पाइप. आपल्या एखाद्या जुन्या पेढीची रोजमेळाची वही असावी इतकी ती स्वच्छ होती. एकूण सुमारे तीन लाख रुपये. दुसऱ्या बाजूला, बागेचे पाणी संस्थेच्या बोअरवेलचे होते आणि पंपाचे वीजबिल सर्वांनी भरले होते. त्याची वेगळी नोंद कोठेच नव्हती.

तीन लाख भागिले 46, म्हणजे घरटी साडेसहा हजार. उरलेल्या 42 घरांनी आपापला हिस्सा त्या चौघांना परत करावा, असे आजींच्या शेजाऱ्यांचे म्हणणे. ‘अकरा वर्षे आत पाऊल टाकू दिले नाही, आता त्याचे पैसे मागता?’ हे उत्तरही चुकीचे म्हणता येत नव्हते. अतिक्रमणाचा दंड मी प्रथम बाजूला काढला. संस्थेने आदर्श उपविधी 2014 नंतर स्वीकारले होते आणि हिशेब 2009 पासून केला होता. शिवाय या चौघांनी जागा बळकावली नव्हती, ती त्यांना पैसे घेऊन दिली गेली होती. मग मी असे सुचवले की ज्या काळात उपभोग नव्हता त्या काळाचा पगार कोणी परत मागू नये. मात्र आज जे उभे आहे आणि जे उद्यापासून सर्वांचे होणार आहे, त्याचे मोल द्यावे. तार आणि पाइप यांना घसारा लावला. झाडांचे काय करायचे? यंत्र वर्षागणिक उतरते, बकुळ वर्षागणिक वाढते, माझ्या एम.कॉम.च्या कोणत्याही पुस्तकात तिचा दर नव्हता. शेवटी घरटी 1,500 रुपये, एकूण 63,000, यावर सहमती झाली.

हे लिहायला चार ओळी लागल्या, घडायला चार महिने. सर्वसाधारण सभा ही तंटा मिटवण्याची जागा नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तेथे प्रत्येक जण उरलेल्यांना ऐकवण्यासाठी बोलतो, आणि अलीकडे मोबाइलवर ध्वनिमुद्रणही चालू असते. सभा ठराव करण्यासाठी असते. समजून घेणे आधी व्हावे लागते. मी चारही घरी स्वतंत्रपणे गेलो, आणि रविवारी सकाळी येणाऱ्यांना गाठून त्यांच्याशी बोललो. तळमजल्यावरील एका सूनबाईंनी जे सांगितले ते कोणत्याही नोटिशीत नव्हते. त्यांच्या शयनगृहाची खिडकी बागेच्या वाटेपासून पाच फुटांवर आहे. ‘काका, बाग घ्या हो सगळ्यांनी, पण माझी खिडकी घेऊ नका,’ असे त्या म्हणाल्या. इतके दिवस कुलपाच्या मागे खरी ही गोष्ट होती. खिडक्यांपासून आठ फूट पट्टा सोडून मेंदीचे कुंपण लावायचे ठरले. तो पट्टाही सामाईकच, पण तेथे कोणी फिरायचे नाही. झाडे लावायची ती त्या त्या घराने.

वेळेचा वाद गमतीचा होता. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या आपल्या घरांना सातनंतर शतपावली हवी; मुंबईकरांचा दिवस तेव्हा कुठे सुरू होतो. रात्री नऊला फाटक बंद, मोठा आवाज नाही, आणि वाढदिवस साजरे करायचे तर समितीची लेखी परवानगी, यावर एकमत झाले. पावसाळ्यात हिरवळीवर कोणीच जायचे नाही, हे मात्र एका मिनिटात मंजूर झाले. आपली मंडळी चातुर्मासात ओल्या गवतावर पाय ठेवत नाहीत, आणि उल्हासच्या काठची जुलैमधली माती इतरांनाही ठेवू देत नाही.

माळ्याचा पगार आता संस्थेच्या वहीत, 46 घरांत समान. शेजारपाजारच्या अशा तंट्यांसाठी 2023 च्या मध्यस्थता कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचे स्वतंत्र प्रकरण आले आहे आणि त्यात तीन मध्यस्थांच्या मंडळाची कल्पना आहे. ती मला पटते. एकट्या माणसावर आपल्याच शेजाऱ्यांचे ओझे फार होते. चार महिन्यांत माझे दोन स्नेही माझ्याशी बोलेनासे झाले होते, त्यांपैकी एक पुन्हा बोलू लागले आहेत.

विकासकाला दिलेल्या दीड लाखांचे काय, हा प्रश्न राहिला. ती रक्कम शेजाऱ्यांनी घेतली नव्हती, म्हणून शेजाऱ्यांकडून मागता येत नाही. विकासकाने पत्रांना उत्तर दिले नाही. दोन घरांनी तो विषय सोडून दिला. आजींनी तर 63,000 मधील आपला वाटाही घेतला नाही. बकुळीखाली पडलेली फुले माळ्याने सकाळी सातच्या आत झाडू नयेत, एवढे मात्र त्यांनी ठरावात लिहून घेतले. तो ठराव क्रमांक नऊ आहे.

चौथ्या घराने सही केलेली नाही. त्या गृहस्थांनी 2017 मध्ये ती सदनिका पहिल्या मालकाकडून पुनर्विक्रीत घेतली. बागेसह म्हणून शेजारच्या सदनिकेपेक्षा बरीच जास्त किंमत दिली, आणि बँकेच्या मूल्यांकनकारानेही अहवालात बाग धरली होती. विकासकाशी त्यांचा व्यवहारच नाही, आणि पहिला मालक घर विकून गेला. त्यांचे हप्ते मात्र त्या जास्तीच्या किमतीवर चालू आहेत. ते मला म्हणाले, ‘साहेब, तुमची तिन्ही खाती बरोबर आहेत, पण माझा तोटा कोणत्या खात्यात लिहिलात?’ मी त्यांना पुनर्विक्रीचा करारनामा घेऊन वकिलाकडे जाण्यास सांगितले. त्यांनी सहकार कायद्याच्या कलम 91 खाली संस्थेविरुद्ध वाद दाखल केला आहे, आणि तो त्यांचा अधिकार आहे. समितीतील काहींना त्यांच्या खिडकीसमोरही कुंपण लावून मोकळे व्हायचे होते. निकाल लागेपर्यंत तसे करू नये, असे मी सुचवले आणि ते मानले गेले. तीन घरांसमोरची मेंदी आता गुडघ्याएवढी झाली आहे. चौथ्या घरासमोर माळी रोज पाणी घालतो, पण तेथे अजून नुसती माती आहे.